कपाळमोक्षाचा करार

22 नोव्हेंबर 2003 रोजी सिडनीत रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना जादा वेळेत गेला होता. इंग्लंड 17, ऑस्ट्रेलिया 17. इंग्लंडचा हुकर स्टीव्ह थॉम्पसन याने बाजूच्या रेषेवरून चेंडू लांबवर फेकला. चेंडूची वाट पाहणाऱ्या खेळाडूंच्या रांगेच्या टोकाला लुईस मूडीने उंच उडी घेऊन तो झेलला आणि काही क्षणांतच जॉनी विल्किन्सनच्या लाथेने तो दोन खांबांमधून पार झाला. इंग्लंड जगज्जेता झाला. चेंडू फेकणाऱ्या थॉम्पसनला आज तो सामनाच आठवत नाही. 2020 साली, वयाच्या 42 व्या वर्षी, त्याला स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान झाले. चेंडू झेलणाऱ्या मूडीने ऑक्टोबर 2025 मध्ये, 47 व्या वर्षी, आपल्याला मोटर न्यूरॉनचा दुर्धर आजार जडल्याचे जगाला सांगितले.

मूडीचा आजार रग्बीनेच दिला असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर छातीठोकपणे म्हणणार नाही, आणि आम्हीही म्हणणार नाही. एका माणसाच्या व्याधीचे मूळ एका टकरीत दाखवता येत नाही. पण माणसे मोजता येतात, आणि ती मोजली गेली आहेत. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडकडून आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या 412 माजी खेळाडूंची त्याच वयाच्या सामान्य नागरिकांशी तुलना केली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा : मेंदूची झीज करणाऱ्या आजारांचा धोका या खेळाडूंमध्ये सुमारे अडीचपट, आणि मोटर न्यूरॉन आजाराचा सुमारे 15 पट. पुढच्याच वर्षी 31 दिवंगत रग्बीपटूंच्या मेंदूंच्या तपासणीचा अहवाल आला. त्यांपैकी 68 टक्के मेंदूंत वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारी झीज आढळली, आणि खेळाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे तिची शक्यता 14 टक्क्यांनी वाढत गेलेली दिसली. हे मेंदू संशोधनासाठी दान केलेले होते. ज्यांच्या घरात आजार दिसला तीच कुटुंबे अशा दानाला अधिक पुढे येतात, हे संशोधकही मान्य करतात. त्यातून प्रमाण थोडे फुगलेले असेल. पण वर्षे वाढली की इजा वाढते ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. एवढ्यावरही ज्यांना अजून पुरावा हवा आहे त्यांना पुरावा नको आहे, मुदत हवी आहे.

या इजेचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण सारी फसवणूक तिथेच होते. लोकांना वाटते, खेळाडू बेशुद्ध पडला तरच मेंदूला धक्का बसला. तसे नसते. कवटीतला मेंदू मडक्यातल्या दह्यासारखा असतो. मडके फुटले नाही तरी हिसका बसला की आतले दही मोडते. धावत आलेला धिप्पाड गडी तितक्याच वेगाने येणाऱ्या दुसऱ्या गड्याच्या छातीवर आदळला, डोक्याला काहीही लागले नाही, तरी मान झटक्याने फिरते आणि आतला मेंदू पिळवटून निघतो. डोक्यावरची मऊ टोपी कान वाचवते, मेंदू वाचवत नाही. असे लहानसहान हिसके एका सामन्यात कित्येक, आठवड्याच्या सरावात त्याहून अधिक, आणि दहा-पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत हजारोंनी बसतात. त्यांची नोंद वर्षानुवर्षे कुठेच होत नव्हती. अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलंड या डॉक्टराने मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूची अशी दशा 1928 सालीच वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. म्हणजे ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ हे कवच रग्बीच्या कारभाऱ्यांना उपलब्ध नाही. शंभर वर्षे होत आली.

पण या खेळात दडपणूक डोक्याच्या इजेपासून सुरू झाली नाही. ती मजुरीपासून सुरू झाली. 1895 साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधले क्लब जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले. कारण काय? त्यांचे खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणारे होते. शनिवारी सामना खेळला की त्या दिवसाची मजुरी बुडायची, आणि बुडालेली मजुरी भरून द्यायला लंडनच्या सुखवस्तू कारभाऱ्यांनी साफ नकार दिला. पैशाने खेळाचे पावित्र्य विटाळते म्हणे! त्याच दशकात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मालकांकडून मिळवत होते. कामगाराचे शरीर ही मालकाची मालमत्ता नव्हे, हे उत्तर इंग्लंडमध्ये आणि परळमध्ये एकाच वेळी झगडून सांगावे लागत होते. मूळ संघटनेच्या खेळाने, म्हणजे रग्बी युनियनने, मात्र आपले सोवळे पुढची शंभर वर्षे जपले. 26 ऑगस्ट 1995 रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने अखेर ते सोडले, आणि तेही कशासाठी? दूरचित्रवाणीचा पैसा दारात येऊन उभा राहिला म्हणून.

त्या दिवशी खेळाडू पगारी नोकर झाला. सामने वाढले, सराव पूर्णवेळ झाला, व्यायामशाळेत अंगे फुगवली गेली, टकरी अधिक जोरकस झाल्या. नोकराकडून जे जे वसूल करता येते ते सगळे वसूल झाले. नोकराला जे द्यावे लागते ते देताना मात्र कारभाऱ्यांना पुन्हा खेळाचे पावित्र्य, परंपरा आणि मर्दुमकी आठवली. आमचा संताप आहे तो इथे.

नियमांचा इतिहास पाहा. एकेकाळी डोक्याला धक्का बसलेल्या खेळाडूला तीन आठवडे सक्तीची विश्रांती होती. जानेवारी 2011 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या एका शालेय सामन्यात 14 वर्षांच्या मुलाला डोक्यावर मार बसला; तरीही तो खेळत राहिला, पुन्हा मार बसला, आणि तो मेला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मंडळाने वैद्यकीय देखरेखीच्या अटीवर ती तीन आठवड्यांची मुदत एका आठवड्यावर आणली! 2012 मध्ये तर मैदानालगतच पाच मिनिटांची चाचणी घेऊन खेळाडूला परत पाठवण्याची सोय केली. या चाचणीच्या निषेधार्थ मंडळाच्या वैद्यकीय सल्लागार समितीतून डॉ. बॅरी ओ’ड्रिस्कॉल बाहेर पडले. ते स्वतः आयर्लंडकडून खेळलेले होते. घरातला जाणता माणूस दार आपटून निघून जातो, तेव्हा घराने शहाणे व्हायचे असते. इथे घर आपल्याच जागी बसून राहिले.

चाचणीचा वेळ पुढे वाढला. 2022 पासून बहुतेक व्यावसायिक खेळाडूंना किमान 12 दिवस बाहेर बसावे लागते. 2024 पासून धक्का मोजणारे माउथगार्ड आले. ही पावले चांगली आहेत, आणि ती थॉम्पसन, वेल्सचा अ‍ॅलिक्स पॉपम, वेल्सचाच माजी कर्णधार रायन जोन्स यांनी आपले आजार चव्हाट्यावर मांडल्यामुळे पडली, हे विसरता कामा नये. पण ब्रिटनमध्ये हौशी आणि शालेय खेळाडूंसाठी 2023 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत अशा इजेनंतर 21 दिवसांच्या आत सामना खेळू नये असे आहे. शाळकरी पोराला 21 दिवस आणि पगारी गड्याला 12! पगार सुरू झाला की मेंदू नऊ दिवस लवकर बरा होतो काय? व्यावसायिकाजवळ तज्ज्ञ डॉक्टर असतात, हे उत्तर आम्हांला ठाऊक आहे. तो डॉक्टर ज्या क्लबचा पगार घेतो त्याच क्लबला शनिवारी तो खेळाडू मैदानात हवा असतो, हेही ठाऊक आहे. सरावाचेही तेच. आठवड्यात पूर्ण टकरीचा सराव 15 मिनिटांहून अधिक नको, असे जागतिक संघटनेने 2021 मध्ये सुचवले. सुचवले, बंधनकारक केले नाही. गिरणीत यंत्राभोवती कुंपण घाला असे मालकांना नुसते सुचवून भागले असते, तर कामगारांचे हात आजही तुटत राहिले असते.

‘खेळाडूंनी धोका स्वखुशीने पत्करला’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. संमतीला माहिती लागते. 1995 पासून पुढे करार करणाऱ्या पोरांना ही माहिती कोणी दिली? संमतीला नकाराची मोकळीकही लागते. फिजी, सामोआ, टोंगा इथून आलेल्या ज्या तरुणाच्या पगारावर समुद्रापलीकडचे अख्खे कुटुंब जगते, तो ‘डोके गरगरते आहे’ असे प्रशिक्षकाला सांगेल काय? युरोपातल्या खेळाडूच्याही पायाखालची जमीन कुठे पक्की आहे? 2022 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या वूस्टर क्लबच्या खेळाडूंचे करार न्यायालयाच्या एका आदेशाने रद्द झाले. बारा दिवसांनी वॉस्प्स हा क्लब बुडाला आणि 167 जणांची नोकरी गेली. पुढच्या उन्हाळ्यात लंडन आयरिश हा क्लबही गेला. ज्याचा करार दोन वर्षांचा आणि क्लब कर्जात, तो मनुष्य आपली इजा लपवणारच. त्याला भेकड बनवायचे नसेल, तर आधी त्याला निर्भय करावे लागते.

आणि पैसा नाही असे कोणी सांगू नये. 2023-24 मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेला 3 कोटी 79 लाख पौंडांचा तोटा झाला, 42 कर्मचारी कमी केले गेले, आणि त्याच वर्षी मुख्याधिकाऱ्याच्या पदरात बोनससह 11 लाख पौंड पडले. भरपाईसाठी न्यायालयाचे दार ठोठावणारे शेकडो माजी खेळाडू मात्र वर्षानुवर्षे तारखा मोजत आहेत. ते झपाट्याने विसरत चालले आहेत. प्रतिवादी रग्बी संघटनांना काळाचा आधार आहे. हा न्याय नाही.

खेळ मवाळ होईल, ही ओरडही ऐकू येते. जानेवारी 2023 मध्ये इंग्लंडमध्ये हौशी खेळात कमरेच्या वर पकडायचे नाही असे ठरले, तेव्हा तिथे आकाश कोसळल्यागत गहजब झाला. संघटनेने माफी मागितली, मर्यादा छातीच्या हाडाखाली नेली, आणि खेळ सुरू राहिला. मर्दुमकीचे नाव घेऊन दुसऱ्याच्या पोरांचे मेंदू होमात टाकणाऱ्यांनी थॉम्पसनच्या घरी एक दिवस राहून यावे. कधी कधी त्याला पत्नीचे नाव आठवत नाही.

मराठी वाचकाने हे वाचून ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणू नये. जून 2025 मध्ये सहा संघांची व्यावसायिक रग्बी लीग मुंबईतच, अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात, सात-सात खेळाडूंच्या प्रकारात झाली. या देशात रग्बी खेळणारी मुले-मुली गावांतून, आदिवासी पाड्यांतून, सरकारी शाळांतून येत आहेत. त्यांच्या आईबापांना ‘कन्कशन’, म्हणजे मेंदूला बसणारा धक्का, हा शब्दही कोणी सांगितलेला नाही. मुलांनी खेळावे, जरूर खेळावे. रग्बी हा धैर्याचा आणि सांघिकतेचा थोर खेळ आहे, म्हणून तर ही तळमळ. पण युरोपने जे तीस वर्षांनी, न्यायालयात खेचले गेल्यावर सुरू केले, ते आपण पहिल्या दिवशी करू शकतो.

रग्बी इंडिया या राष्ट्रीय संघटनेला आणि लीगच्या चालकांना आमचे सांगणे स्पष्ट आहे. डोक्याला धक्का बसलेला खेळाडू, शाळकरी असो वा पगारी, 21 दिवस मैदानात उतरणार नाही, हे करारात लिहा. त्या दिवसांचा पूर्ण पगार त्याला द्या. मैदानावरचा डॉक्टर संघमालकाच्या पगारावर ठेवू नका. टकरीचा सराव मिनिटांत बांधा आणि मोजा. खेळणे थांबल्यावरही मेंदूची तपासणी आणि उपचार चालू राहतील असा निधी पहिल्या तिकिटाच्या पैशातून काढून ठेवा. आणि पालकांनो, हे लेखी मिळेपर्यंत आपल्या मुलाच्या करारावर सही करू नका.