ठिगळाची तारीख

थ्रेड : ऑपरेटिंग सिस्टीममधील भगदाडे, ती बुजवणारी ठिगळे, आणि वऱ्हाडातील तालुक्याच्या गावाशी त्यांचा असलेला संबंध.

अकोल्याहून वाशीमकडे निघाले की वाटेत पातूर लागते. इतिहासाची आवड असलेला तरुण तेथे डोंगरात कोरलेली लेणी पाहण्यासाठी थांबतो. पातूरसारख्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जी झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांची दुकाने असतात, त्यांच्यापाशी मात्र इतिहास शोधायला कोणी जात नाही. वास्तविक सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, आधार या साऱ्यांची वाट आज त्या दुकानातील जुन्या संगणकातून जाते, आणि त्या संगणकाच्या तटबंदीला गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा स्वतंत्र इतिहास आहे.

प्रारंभ शब्दापासून करावा. इंग्रजीतील ‘पॅच’ म्हणजे अक्षरशः ठिगळ. १९४४ साली कार्यान्वित झालेला ‘हार्वर्ड मार्क १’ हा संगणक कागदी पट्टीवर पाडलेल्या छिद्रांतून आज्ञा वाचत असे. चुकीच्या जागी छिद्र पडले तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत. पुढे पट्टी गेली, छिद्रे गेली, शब्द तेवढा राहिला. मराठीत त्याला दुसरा प्रतिशब्द घडवण्याचे कारण नाही. गोधडी शिवणाऱ्या घरांना ठिगळाचा अर्थ शिकवावा लागत नाही.

ठिगळ ही केवळ संगणकतज्ज्ञांची बाब नाही, हे जगाला प्रथम २ नोव्हेंबर १९८८ रोजी उमगले. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ युनिक्स संगणकांतील ज्ञात-अज्ञात फटींतून शिरला आणि त्या काळच्या छोट्याशा इंटरनेटचा मोठा भाग ठप्प झाला. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २००३ मध्ये, ‘ब्लास्टर’ने विंडोजची तीच गत केली. त्यावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच, जुलैत, दिलेले होते. ते लावले कोणी नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून कंपनीने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठिगळे एकत्र देण्याचा शिरस्ता पाडला. तो मंगळवार भारतात पोचतो तेव्हा रात्र झालेली असते. दुकानदाराला त्याची चाहूल लागते ती बुधवारी सकाळी, गिऱ्हाईक समोर उभे असताना, ‘संगणक बंद करू नका’ या पाटीच्या रूपाने.

आता २०१७. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला, विंडोजमधील एक भगदाड कित्येक वर्षे ठाऊक होते. ते बुजवायला सांगण्याऐवजी तिने त्याचे शस्त्र बनवले, ‘इटर्नलब्लू’. शस्त्र चोरीला गेले. १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने ठिगळ दिले, १४ एप्रिलला चोरांनी शस्त्र चव्हाट्यावर मांडले, १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ सुटला. ठिगळ आणि आघात यांत ५९ दिवसांचे अंतर होते. तेवढ्या अवधीत जगभर लाखो संगणक उघडेच राहिले आणि दीडशेहून अधिक देशांना झळ पोचली.

येथे एक लोकप्रिय गैरसमज दूर केला पाहिजे. ‘जुन्या विंडोज एक्सपीमुळे सारे घडले’ असे आजही लिहिले जाते. बाधितांत बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते, आणि त्यांच्यासाठीचे ठिगळ दोन महिने फुकट उपलब्ध होते. एक्सपीची गोष्ट निराळी, आणि अधिक बोचरी. तिचा सर्वसाधारण आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता. तरी तिच्यासाठीही ठिगळ तयार होते. ते केवळ वेगळा करार करून पैसे मोजणाऱ्या ग्राहकांना मिळत होते. सर्वांसाठी ते खुले झाले १३ मे रोजी, म्हणजे आग लागल्याच्या दुसऱ्या दिवशी.

महाराष्ट्राला या शस्त्राचा खरा तडाखा बसला तो २७ जून २०१७ रोजी, मार्चमधील ठिगळानंतर १०५ दिवसांनी. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल मर्स्क समूहातील कंपनी चालवते. ‘नॉटपेट्या’ने मर्स्कचे जगभरचे संगणक निकामी केले आणि येथील कंटेनरची चढउतार थांबली. हल्ल्याचा रोख होता युक्रेनवर. फटका बसला उरणच्या रस्त्यावर खोळंबलेल्या ट्रकचालकाला. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. कंपनीच्या जाळ्याचा मूळ आराखडा ज्या यंत्रांत असे, त्यांपैकी एकच प्रत वाचली, ती घानामध्ये. कारण त्या वेळी तेथील वीज गेलेली होती. भारनियमनाला शिव्या देत वाढलेल्या वऱ्हाडी वाचकाने या तपशिलावर क्षणभर थांबावे.

परंतु नॉटपेट्या ठिगळवाद्यांनाही अडचणीत टाकतो. तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच शिरला होता. शिवाय आत आल्यावर तो पासवर्ड चोरत असे, त्यामुळे ठिगळ लावलेली यंत्रेही पडली. वऱ्हाडाला हा अनुभव नवा नसावा. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज गाविलगडाच्या उत्तरेकडील बाहेरच्या तटाला तोफांनी पाडलेल्या खिंडारातून आत शिरले. आतला तट अभंग होता. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून त्यावर चढली आणि तिने दरवाजा आतून उघडला. म्हणून कोणी तटाची डागडुजी निरर्थक ठरवत नाही. त्याच गाविलगडावर १५७७ मध्ये बहरामखानाने केलेल्या दुरुस्तीची नोंद बुरुजावरील शिलालेखात आहे, आणि अभ्यासक आजही त्या तारखेवरून किल्ल्याचे वय वाचतात.

संगणकाच्या बाबतीत मात्र दुरुस्तीची तारीख कोणी विचारत नाही, आणि दोष दुकानदाराच्या माथी मारून सारे मोकळे होतात. त्याने अपडेट का बंद केले? मोबाइलच्या डेटावर चालणारे जाळे, अपडेटनंतर रुसणारा प्रिंटर किंवा अंगठ्याचे यंत्र, आणि विंडोजची प्रत विकत घेतलेली नसेल तर पकडले जाण्याची धास्ती. ही धास्ती बरीचशी अनाठायी होती; सुरक्षेची ठिगळे सर्वच प्रतींना देण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ च्या वेळी जाहीर केले होते. पण हे त्याला सांगितले कोणी? आळस हे कारण या यादीत फार खाली येते.

ज्यांच्यापाशी पैसा, माणसे आणि करार होते, त्यांचे काय? एक्सपीचा आधार संपून चार वर्षे उलटल्यावर, २१ जून २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेला बँकांना बजावावे लागले की एटीएममधील कालबाह्य ऑपरेटिंग सिस्टीम टप्प्याटप्प्याने, जून २०१९ पर्यंत बदला. बँकेला पाच वर्षांची सवलत आणि दुकानदाराला दूषण, हा न्याय विचित्र आहे. (दोनच महिन्यांनी पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ते प्रकरण अनेक जण याच माळेत ओवतात. ते योग्य नाही. तेथे एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी बनावट यंत्रणाच उभी केली गेली होती.)

हा वाद इतिहासजमा झालेला नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकाला वर्षभर अधिक ठिगळे हवी असतील तर ३० डॉलर मोजावेत, किंवा आपल्या संगणकाच्या सेटिंग मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा करीत राहावे, असा पर्याय दिला गेला. युरोपीय आर्थिक क्षेत्रात मात्र, ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर, तीच मुदतवाढ या अटींविना मोफत झाली. तेथील ग्राहकांकडे संघटना होत्या आणि कायदा होता.

भारतात तसा आवाज उठू शकतो, आणि त्याची सुरुवात सरकारी खरेदीपासून करता येईल. शाळा, तहसील आणि ग्रामपंचायतींसाठी संगणक घेताना रॅम किती आणि पडदा केवढा हे निविदेत लिहिले जाते. ठिगळे कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, हेही तेथे अट म्हणून लिहावे आणि यंत्रावर चिकटवावे. औषधाच्या पाकिटावर मुदत छापण्याची सक्ती असते. सातबारा काढून देणाऱ्या यंत्राला ती नसावी, याचे समर्थन करणे कठीण आहे. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती संगणकांसाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ रोजी संपेल, असे सुरुवातीलाच जाहीर झाले होते.