संगणकाची गाळणी

पूर्वी घरी आल्यागेल्याची चाहूल ओसरीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांना आधी लागत असे. आता अवघे जग संगणकाच्या पडद्यावरून थेट माजघरात येते, आणि त्याची चाहूल कोणासही लागत नाही. म्हणून या खेपेस आम्ही इंटरनेटच्या गाळणीविषयी लिहावयाचे योजिले आहे.

संकेतस्थळाचे नाव टाइप करताच संगणक त्या नावाचा अंकांतील पत्ता विचारतो. तो सांगणारी 'डीएनएस' ही व्यवस्था १९८३ साली आखली गेली. पत्ता सांगणाऱ्यानेच अनिष्ट स्थळांचा पत्ता देण्यास नकार दिला, तर ते पान उघडतच नाही. क्लाउडफ्लेअर कंपनीने एप्रिल २०२० मध्ये अशी विनामूल्य सोय सुरू केली. तिचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे अंक राउटरमध्ये इंग्रजी आकड्यांत भरले, की घरच्या वाय-फायवरील उपकरणांना गाळणी लागते. अश्लील स्थळांबरोबरच संगणकास अपाय करणारी स्थळेही ती अडविते. तेव्हा आजी-आजोबांनाही तिचा उपयोग आहेच. राउटरवर 'आयपीव्ही ६' चालू असल्यास त्याचे अंक निराळे भरावे लागतात, हे विसरू नये.

याखेरीज विंडोजमध्ये मुलांना स्वतंत्र खाते द्यावे. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'चा अधिकार व पासवर्ड वडीलधाऱ्यांकडेच ठेवावा. गूगलचे 'सेफसर्च'ही चालू करावे.

मात्र गाळणीला विवेक नसतो. १९९६ साली इंग्लंडमधील स्कन्थॉर्पच्या रहिवाशांना एओएल कंपनीच्या सेवेत खाते उघडता येईना; कारण गावाच्या नावातच एक अशिष्ट इंग्रजी शब्द दडलेला निघाला! शिवाय शब्दांची यादी ज्या भाषेतली, त्याच भाषेत ती पहारा करणार. आमच्या इंदूरच्या घरांत तर मुले मराठीत बोलतात, हिंदीत भांडतात आणि इंग्रजीत शोधतात! शरीरधर्माविषयी एखाद्या मुलीची रास्त शंकाही गाळणीत अडकू शकते. तिचे उत्तर मग आईनेच द्यावयास हवे.

गाळणीला वाटाही पुष्कळ. ब्राउझरमधील 'सिक्युअर डीएनएस' तिला वळसा घालू शकते. मोबाइल वाय-फाय सोडून स्वतःच्या डेटावर गेला, की राउटरची सत्ता संपली. मित्राच्या घरी तर ती नव्हतीच.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे एवढेच, की गाळणी चोरून लावू नये. मुलांना शेजारी बसवून, कारण सांगून लावावी. वय वाढेल तशी सैल करावी. आणि त्याच बैठकीत वचन द्यावे : "काही भयंकर दिसले, कोणी भलतेसलते विचारले, तर आमच्याकडे ये. तुला रागावणार नाही, संगणकही काढून घेणार नाही." संगणक जाईल या धास्तीने मूल गप्प बसते, आणि खरा धोका त्या गप्प बसण्यातच असतो. वचन दिले, की ते पाळावे मात्र लागेल.