वसुलीला सापडतो, समन्सला सापडत नाही!

माझा भाचा चाकणच्या कारखान्यात कामाला आहे. मध्यंतरी मानवतच्या घरी त्याच्या नावाने न्यायालयाचा कागद आला, तेव्हा कळले की जुन्या क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी त्याच्यावर दावा होऊन एकतर्फी हुकूमनामाही झाला आहे आणि आता वसुलीची दरखास्त लागली आहे. मुळात थकले होते चाळीस हजार, हुकूमनामा एक लाख साठ हजारांचा! दाव्याचे समन्स सेलूतल्या एका भाड्याच्या खोलीच्या दारावर चिकटवले होते. ती खोली त्याने केव्हाच सोडली होती. त्याच काळात वसुलीवाल्यांचे फोन मात्र त्याला कंपनीत, मला घरी, इतकेच काय त्याच्या सासऱ्यांनाही येत होते. दरखास्तीच्या वेळी मानवतचे घरही बरोबर सापडले. वसुलीला रोज सापडणारा माणूस समन्सलाच तेवढा कसा सापडत नाही?

'घेतले तर फेडावे' हे मला मान्य आहे, भाच्यालाही. प्रश्न आहे किती फेडायचे याचा. कार्डावरचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरले तरी वर्षाला 42 टक्के होते. 2008 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्यावर 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केली. अशा वेळी हिशेब तपासून घेण्याची जागा म्हणजे न्यायालय. पण एकतर्फी सुनावणीत बँकेचा हिशेब खोडायला समोर कोणी नसते. दावा तीन वर्षांच्या मुदतीनंतर लावला असेल, तर तेही कोणी दाखवून देत नाही.

आपल्या परभणी जिल्ह्यात हे जास्त घडते, कारण आपली माणसे घरी नसतात. कोणी पुण्या-मुंबईला, तर कोणी दिवाळीनंतर सहा महिने ऊसतोडीला. समन्स दारावर चिकटवणे किंवा वर्तमानपत्रात छापणे हा कायद्याने शेवटचा उपाय आहे, पण तो पहिलाच असल्यासारखा वापरला जातो. म्हणून माझी मागणी साधी आहे. अशी परवानगी देण्याआधी न्यायालयाने बँकेकडून शपथपत्र घ्यावे: कर्जदाराशी शेवटचे बोलणे कधी झाले, कोणत्या क्रमांकावर झाले, ई-मेल कोणता? वसुलीचे फोन सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेतच करावेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे फोन होतात हे तर उघडच आहे. मग त्यांची नोंद न्यायालयापुढे का येऊ नये?

आपलेही चुकते. न्यायालयाचे टपाल आले की 'घेऊ नका' असा सल्ला पारावर फुकट मिळतो. समन्स नाकारले तर ते बजावले गेले असे न्यायालय धरू शकते. कागद घेतला म्हणजे कर्ज कबूल केले, असेही नव्हे. गंगाखेड परिसरात शेतकऱ्यांच्या नावावर परस्पर कर्जे उचलल्याचे प्रकरण 2017 साली गाजले, तेव्हा कर्ज न घेतल्याचे सांगणाऱ्या शेतकऱ्यांच्या हातीही बँकेच्या नोटिसा आल्या होत्याच.

हुकूमनामा झाला म्हणजे सगळे संपले, असेही नाही. समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून 30 दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात करता येतो. उशीर झाला असेल, तर सबळ कारण दाखवून विलंब माफीही मागता येते. मात्र दाव्याची माहिती वेळेत होती असे दिसले, तर समन्समधली बारीकसारीक त्रुटी उपयोगी पडत नाही. कागद न्यायालयाचा नसून कर्जाच्या करारानुसार नेमलेल्या लवादाचा असेल, तर वाट वेगळी. निवाडा हाती आल्यापासून तीन महिन्यांत त्याला आव्हान द्यावे लागते. एकाच बाजूने परस्पर नेमलेल्या लवादाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने 2019 सालीच निकाल दिला आहे.

जप्तीच्या धमकीलाही मर्यादा आहेत. शेतकऱ्याचे राहते घर, औते, बैल आणि भविष्य निर्वाह निधी यांना कायद्याने संरक्षण आहे. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. नुसती ऐपत नाही म्हणून कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच सांगितले आहे. पण हुकूमनाम्याची अंमलबजावणी 12 वर्षांपर्यंत मागता येते. म्हणून गप्प बसून वसुली टळत नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने लोकअदालतीच्या आधी तालुक्याच्या ठिकाणी अशा कागदांसाठी एक दिवस ठेवावा. तडजोडीची सही करण्याआधी हिशेब कोणीतरी समजावून सांगितला पाहिजे, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्न गटाला प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दूरध्वनी 15100.

हुकूमनामा रद्द करण्याचा आमचा अर्ज तीस दिवसांच्या आत दाखल झाला आहे. निकाल काय लागेल तो लागो. वाचकांना एवढेच सांगणे: घरी न्यायालयाचा कागद आला, तर तो घ्या, त्यावर तारीख टाका आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जा.

— एक निवृत्त शिक्षक, मानवत, जि. परभणी