सीआरपी नॉर्मल आहे म्हणून थांबू नका

गेल्या रमजानमध्ये सेहरीच्या वेळी आपाचा फोन आला. भाच्याला ल्युकेमिया आहे, केमो सुरू होती आणि ताप 101 वर गेला होता. संध्याकाळी कणकण वाटली म्हणून काढलेला रिपोर्ट तिच्या हातात होता. सीआरपी 8, शेजारी छापलेलं: नॉर्मल 10 पर्यंत. घरातले म्हणत होते, ‘रिपोर्ट चांगला आहे. पॅरासिटामॉल दे, सकाळी बघू.’ आपाने ऐकलं नाही. रिक्षा करून ती मुलाला दवाखान्यात घेऊन गेली. दोन दिवसांनी ब्लड कल्चरमध्ये जंतू सापडले. औषध तोवर सुरू झालं होतं. मुलगा वाचला.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. 1930 साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. संसर्गानंतर ते वाढायला 6 ते 12 तास लागतात. प्रोकॅल्सिटोनिन थोडं लवकर वाढतं, पण बुरशीच्या संसर्गात बऱ्याचदा फारसं हलत नाही. उलट संसर्ग नसतानाही ल्युकेमियामुळे किंवा केमोमुळे सीआरपी वाढू शकतं.

केमोनंतर न्यूट्रोफिल पेशी 500 च्या खाली गेल्या की शरीराकडे लढायला सैन्यच उरत नाही. पू होत नाही, सूज दिसत नाही. ताप हीच अनेकदा एकमेव खूण असते. म्हणून आधी कल्चरसाठी रक्त घ्यायचं आणि तासाभरात अँटिबायोटिक द्यायचं, अशी पद्धत आहे. सीआरपीच्या आकड्यावर हा निर्णय सोडायचा नसतो.

मग ही तपासणी फुकट आहे का? नाही. उपचार सुरू झाल्यावर रोजचा आकडा उतरत गेला, तर औषध लागू पडतंय असा अंदाज येतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही तो चढत असेल, तर डॉक्टर पुन्हा शोध घेतात. एका आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची.

माझी तक्रार घरच्यांबद्दल नाही. ‘नॉर्मल’ असं छापलेलं वाचून कोणीही निर्धास्त होईल. डिस्चार्जच्या कागदावर मराठीत ठळक लिहिलेलं हवं: ताप एकदा जरी 101 झाला, किंवा तासभर 100.4 राहिला, तर रिपोर्ट काहीही असो, लगेच या. पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नका.

दुआ आम्ही सगळेच करत होतो. आपाने ती रिक्षात बसून केली.