गोळी फेकून देऊ नका

आमच्या समुपदेशन केंद्रात एक ताई येत. नवरा मारायचा, रात्र रात्र झोप नसायची. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम लिहून दिली. १५ दिवसांची ती गोळी ४ वर्षे चालू राहिली. गोळीने मार थांबला नाही. मार खाऊनही सकाळी उठून भाकऱ्या थापता येऊ लागल्या, एवढेच.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली. बाईला गप्प बसवायला गोळ्या देतात, हे मला तोंडपाठ. मी म्हटले, "ताई, फेकून द्या ती गोळी." त्यांनी ऐकले. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले आणि रात्री त्यांना फिट आली.

त्या वाचल्या. चूक माझी होती. आपल्या इतर गटांत ती होऊ नये, म्हणून त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही सारी बेन्झोडायझेपिन गटातली औषधे. सांगितल्याप्रमाणे रोज घेतली तरी काही आठवड्यांत शरीराला सवय लागू शकते. अशा बाईला 'व्यसनी' म्हणणे हा अन्याय आहे. एकदम बंद केली तर झोप उडते, जीव घाबरा होतो, कधी झटके येऊन जिवावर बेतते. घरचे म्हणतात, "बघा, आजार उलटला." की पुन्हा गोळी सुरू.

सुटका होते, पण सावकाश आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. २०२५ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात : सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी डोस ५ ते १० टक्के कमी करावा. म्हणजे कित्येक महिने लागतात.

२०१४ पासून अल्प्राझोलाम विकताना दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव नोंदवायचे असते. तरी या ताईंचा नवरा जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या आणून द्यायचा. बायको गुंगीत राहिली की त्याची सोयच होती.

म्हणून मैत्रिणींनो, डॉक्टरांकडे तिच्यासोबत जा. डोस आणि तारखा वहीत लिहायला मदत करा. गोळी कमी होताना दबलेली भीती आणि राग वर येतो, तेव्हा रात्री हाक मारता येईल असे कुणी तिला हवे. आणि ज्या मारामुळे झोप उडाली, तो थांबवण्याची तजवीज आधी करा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा त्यासाठीच आहे.

त्या ताईंची गोळी पुढे ११ महिन्यांनी सुटली. संरक्षण आदेश त्याआधीच हातात आला होता.