अंजनेरीची टोपी

श्रावणात पहिन्याच्या रस्त्यावरून अंजनेरीकडे पाहिलं, की डोंगर बहुतेक वेळा डोकं झाकूनच बसलेला असतो. माथ्यावर पांढुरकी टोपी, खाली ओला काळा कातळ आणि त्याच्याही खाली भाताची खाचरं. आपण गाडी थांबवतो, भाजलेलं कणीस घेतो, चार फोटो काढतो. तेवढ्या वेळात टोपी काही हलत नाही. त्यामुळे मनात पक्कं बसतं, की ढग कुठून तरी आला आणि डोंगराला अडकला. वारा सुटेल तेव्हा जाईल.

वारा तर सुटलेलाच असतो. कणसाचा कागद हातात राहत नाही इतका. मग ढग का उडून जात नाही?

हा प्रश्न मला कॅमेरा लावेपर्यंत पडलाच नव्हता. दर दोन सेकंदांनी एक फोटो, आणि नंतर ते सगळे एकापाठोपाठ पळवायचे, एवढीच ती टाइमलॅप्स नावाची करामत. पडद्यावर पाहिलं तर टोपी जागच्या जागी होती, पण तिच्या आतलं सगळं धावत होतं. डावीकडे, म्हणजे पश्चिमेच्या अंगाला, उघड्या हवेत एक धूसर चिंधी उमटायची, दाट व्हायची, माथ्यावरून सरसर वाहत जायची आणि उजवीकडच्या उतारावर पोचेपोचेपर्यंत विरून नाहीशी व्हायची. तिच्यामागून दुसरी, तिसरी. घाटाकडून आलेला दमट वारा डोंगराशी वर चढतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते आणि गार होते, किलोमीटरमागे साधारण 10 अंशांनी. एका ठरावीक उंचीवर तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. तोच वारा पलीकडे उतरताना दाबला जातो, तापतो, आणि थेंबांची पुन्हा वाफ होते. आपण ज्याला तासभर एकच ढग समजत होतो, त्यातला एकही थेंब तासभर टिकलेला नसतो. वायुपुत्राचा जन्म याच डोंगरावर झाला, असं आमच्याकडे मानतात. त्याच्या डोक्यावरची टोपी वाऱ्यानेच एका बाजूने विणावी आणि दुसऱ्या बाजूने उसवत न्यावी, हे अगदी घरचंच काम झालं.

टाइमलॅप्सबद्दल लोक बोलतात ते त्याच्या वेगाबद्दल. माझ्या मते त्याची खरी गंमत ही आहे, की आपल्याला वस्तू वाटणारी गोष्ट मुळात वस्तू नाही, हे तो अर्ध्या मिनिटात दाखवतो. पुस्तकात वाचून हे पटत नाही. मला तरी पटलं नव्हतं.

आता थोडं तंत्राचं. पाच सेकंदांना एक फोटो घेतला, तर तासाचे 720 होतात. ते सेकंदाला 25 या गतीने पळवले, की तास एकोणतीस सेकंदांत आटोपतो. दूरच्या, फुगीर, दुपारच्या ढगांना हे गणित छान लागू पडतं. अंजनेरीची टोपी मात्र जवळ असते आणि तिथला वारा अंगात आल्यासारखा, म्हणून दोन सेकंद. फार उंचावरच्या तंतूसारख्या ढगांना दहा सेकंदसुद्धा चालतात. ट्रायपॉड हवा, त्याच्या मधल्या हुकाला दगड भरलेली पिशवी लटकवायला हवी, आणि एक्स्पोजर, फोकस, रंग हे सगळं कुलूपबंद करायला हवं. नाहीतर ढगाआड ऊन गेलं, की कॅमेरा आपल्या अकलेने उजेड वाढवतो आणि पाहताना चित्र लुकलुकतं. मोबाइलमधली तयार सोय चालते, पण किती वेगाने पळवायचं ते बहुधा तोच ठरवतो. पावसाळ्यात काचेवर थेंब येणार हे धरूनच चालावं. मध्येच पुसायला गेलात, की ट्रायपॉड हलतो.

सोशल मीडियावर फिरणारे ढगांचे बहुतेक व्हिडिओ मला बघवत नाहीत. एक तर आकाशाला कधीच नसलेली निळाई, वर बासरी, आणि वेग इतका, की पूर्ण दिवस सहा सेकंदांत. अशा वेगात ढगाची घडण दिसत नाही, नुसता गोंधळ दिसतो. ढगाची कड कशी फुटते ते डोळ्याला पकडता आलं पाहिजे. तेवढा संथपणा ठेवला, तरच काही हाती लागतं.

त्र्यंबकेश्वर अंजनेरीच्या शेजारचंच. तिथे 1870 साली जन्मलेल्या एका माणसानं हेच तंत्र 1912 मध्ये दादरच्या घरात वापरलं होतं, हे ध्यानात आलं तेव्हा मला भारी मौज वाटली. दादासाहेब फाळके विलायतेहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते, पण चित्रपट काढायला भांडवल नव्हतं. पैसेवाल्यांना पटवायचं कसं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ हँडल थोडं थोडं फिरवत राहिले. कोंब बाहेर येतो, वेल चढते, हे सगळं मिनिटाभरात. ‘अंकुराची वाढ’ पाहून पैसे पुढे आले आणि पुढच्या वर्षी, 3 मे 1913 ला, ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळक्यांनी रोज एकच चौकट टिपली असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. हिशेब बसत नाही. त्या काळच्या सेकंदाला सोळा चौकटींच्या बेतानं महिन्याचे दोन सेकंदही भरले नसते. मिनिट भरायचं तर रोज तीसेक चौकटी हव्यात. म्हणजे हा माणूस दिवसातून कितीदा तरी त्या कुंडीशी जात असणार. घरातल्या इतरांनी काय म्हटलं असेल, याचा विचार करतो. सरस्वतीबाईंनी पुढे दागिने गहाण टाकले, फिल्मला भोकं पाडायचं कामसुद्धा केलं, तेव्हा त्यांनी बहुधा काहीच म्हटलं नसावं.

थोडक्यात, भारतीय सिनेमाची उमेदवारी टाइमलॅप्सने झाली. ढगांपर्यंत फाळके या वाटेने गेले नाहीत. त्या बाजूने ज्याने खरं वेड घेतलं, तो माणूस जपानचा.

मासानाओ आबे हे सरदार घराण्यातले, काउंट, आणि पेशाने भौतिकशास्त्रज्ञ. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गोतेम्बा गावात, फुजी पर्वत समोर दिसेल अशी, स्वतःची वेधशाळा बांधली आणि सुमारे पंधरा वर्षं फुजीभोवतीचे ढग टिपले. साधे फोटो, दोन ठिकाणांहून एकाच वेळी घेतलेले जोडफोटो, आणि चलच्चित्रं. वारा डोळ्यांना दिसत नाही, पण ढग हा वाऱ्याचा दिसणारा भाग आहे, तेव्हा ढगाची हालचाल मोजली की डोंगराभोवती हवा कशी वळते ते कळेल, हा त्यांचा मुद्दा. फुजी 3,776 मीटरचा, एकटा, चहूबाजूंनी मोकळा. वाऱ्याच्या वाटेत निसर्गाने ठेवलेला प्रयोगच. त्याच्या माथ्यावरही टोपी बसते, आणि कधी कधी डोंगरापासून दूर, वाऱ्याच्या उतरत्या बाजूला, दुसरा ढग अधांतरी लटकतो. डोंगर ओलांडताना हवेला लाटा पडतात आणि लाटेच्या शिखरावर तो ढग तयार होतो. फुजीने टोपी घातली, की पाऊस जवळ आला, असं तिथले लोक मानत आले आहेत. आबेंचे ते काळे-पांढरे फोटो मी छापील स्वरूपात पाहिले. प्रत्येकात तोच डोंगर, त्याच चौकटीत, आणि दर वेळी वेगळा ढग. शास्त्रासाठी काढलेल्या फोटोंनी इतकं देखणं असावं, हा जरा अन्यायच आहे आम्हा हौशी लोकांवर.

आबेंचं वाचल्यावर मी कॅमेरा डोंगरावरून काढून सरळ आभाळाकडे वळवला. ऑगस्टमध्ये पाऊस दोन-तीन दिवस दम खातो, ती उघडीप यासाठी सोन्याची. एका संध्याकाळी गच्चीवरून घेतलेल्या अशाच व्हिडिओत खालचे करडे पुंजके नेहमीसारखे पश्चिमेकडून येऊन निफाडच्या दिशेने पळत होते. त्यांच्या फटींतून, खूप वर, पिसासारखे पातळ ढग दिसत होते, आणि ते उलटे, समुद्राकडे सरकत होते. आधी वाटलं, खालचे पळतात म्हणून वरचे उलटे जाताना भासतात, गाडीतून झाडं मागे जाताना दिसतात तसं. म्हणून व्हिडिओच्या चौकटीत शेजारच्या पाण्याच्या टाकीची कड धरून पाहिलं. भास नव्हता. कडेपाशी आलेलं पिसाचं टोक हळूहळू टाकीआड गेलं, पश्चिमेला.

पावसाळ्यात आपल्या डोक्यावर वाऱ्याचे दोन मजले असतात. खालच्या मजल्यावर अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा. वर, चौदा-पंधरा किलोमीटरवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोत, द्वीपकल्पावर ताशी शंभर किलोमीटरहूनही जोरात. आपल्या हवामान खात्यातले पी. कोटेश्वरम यांनी 1958 साली या झोताबद्दल शोधनिबंध लिहिला आणि मोसमी पावसाच्या अभ्यासात तो कायमचा जाऊन बसला. उन्हाळ्यात तिबेटचं पठार तापतं, त्या बाजूची वरची हवा दक्षिणेकडच्या हवेपेक्षा उबदार होते, आणि त्या फरकातून हा वारा जन्मतो. एरवी तो मोजायला फुगे सोडावे लागतात. गच्चीवरून मात्र त्याच्या खुणा फुकटात दिसतात, फटीतून का होईना.

वजनाचं एक सांगायला हवं, कारण ते मला अजून पुरतं पचलेलं नाही. किलोमीटरभर लांब, रुंद आणि उंच अशा साध्या उन्हाळी ढगात घनमीटरमागे अर्धा ग्रॅम पाणी धरलं, तर एकूण पाचशे टन होतं. पाण्याचे पन्नास टँकर समजा. ते पडत नाही, कारण एकेक थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो आणि सेकंदाला जेमतेम सेंटीमीटरभर उतरतो. खालून येणारी थोडीशी ऊबदार हवासुद्धा त्याला तोलून धरायला पुरते. असे लाखभर, दहा लाख थेंब एकत्र येतील तेव्हा कुठे पावसाचा एक थेंब. महाबळेश्वरला पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या हवामान संशोधन संस्थेची ढगांची प्रयोगशाळा आहे ती याच कामासाठी. पावसाळ्यात तिला ढगांकडे जावं लागत नाही, ढगच तिच्या आत येतात.

इतके दिवस हे केल्यावर नजर बदलते, कॅमेरा घरी असला तरी. कॅमेरा चालू असताना त्याला हात लावायचा नाही, त्यामुळे नुसतं बसून बघण्यावाचून दुसरं काम नसतं, आणि त्या रिकामपणात डोळा तयार होतो. उन्हाळ्यातला एखादा छोटा पांढरा ढग निवडा. त्याची एक कड विजेच्या तारेशी किंवा गच्चीच्या कठड्याशी जुळवा आणि मान न हलवता दोन मिनिटं बघा. कडेला बारीक फुगे येताना दिसतील, वरचे आत दुमडताना, बाजूचे झिजताना. कोरडी हवा आत शिरते आणि ढग कडेकडेने खाल्ला जातो. वीसएक मिनिटांत बहुधा त्याचा मागमूस राहत नाही. लहानपणी आम्ही ढगात हत्ती, घोडे शोधायचो. तो हत्ती ससा का होतो, याचं हे उत्तर.

दिंडोरीजवळ माझा एक मित्र आहे, द्राक्षबागायतदार. त्याला मी मोठ्या उत्साहाने व्हिडिओ दाखवले. तो बघत राहिला, आणि मग त्याने विचारलं, “यातला पडला कुठला?”

ढगाच्या सौंदर्याबद्दल नाशिक जिल्ह्यात जपूनच बोलावं. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोरा यायच्या सुमारास आभाळ भरून आलं, की बागेत डाऊनी रोग शिरतो. दोन दिवस सूर्य दिसला नाही, तर फवारणीचा खर्च दुप्पट होतो, आणि पाऊस आलाच तर घड कुजतात. ज्या आभाळासमोर मी ट्रायपॉड लावतो, त्याच आभाळासाठी तो पहाटे चारला उठून मोबाइलवर इन्सॅटची चित्रमालिका बघत बसतो. तोही टाइमलॅप्सच, दर अर्ध्या तासाला एक फोटो, फक्त कॅमेरा छत्तीस हजार किलोमीटर वर. अरबी समुद्रातलं एखादं चक्रीवादळ कोणीकडे वळतंय हे त्याच्या आधी मला कधीच कळत नाही.

पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओत होतं. परतीच्या पावसातल्या एका दुपारचा तो व्हिडिओ होता, घोटीच्या बाजूचा. एका ओळीत पाच-सहा ढग वाढत होते. बाकीचे थोडे चढून खचत होते. एकाच्या डोक्याची कड सुरीने कापल्यासारखी स्पष्ट होती, ती बघता बघता मऊ, तंतू तंतू झाली आणि आडवी पसरायला लागली. वरच्या थेंबांचं बर्फ होतं तेव्हा कड अशी अस्पष्ट होते. पंधरा मिनिटांनी त्याच ढगाखाली पावसाचा करडा पडदा लोंबला.

“डोकं पिंजारलं की ताडपत्र्या काढायच्या,” मित्र म्हणाला. “वडील सांगायचे. का पिंजारतं ते ठाऊक नव्हतं.”

तो व्हिडिओ त्याने परत परत पाहिला, थांबवून, मागे नेऊन. मग हिशेब करायला लागला, की पिंजारल्यापासून पडेपर्यंत किती वेळ मिळतो. पंधरा मिनिटं धरून चालणार नाही, म्हणाला, बेदाण्याच्या शेडवाल्यांना अर्धा तास तरी लागतो. वारा बागेकडे असेल तर वेगळं, नसेल तर वेगळं. अशा दहा-बारा दुपारी टिपल्या, तर काहीतरी अंदाज येईल, असं त्याचं म्हणणं.

या ऑक्टोबरात कॅमेरा त्याच्या बागेतल्या पाण्याच्या टाकीवर लावायचं ठरलंय. विजा चमकायला लागल्या, की आपण खाली उतरायचं आणि कॅमेरा तिथेच सोडायचा, हे मी आधीच कबूल करून घेतलंय. त्याची अट, की संगीत नको, आणि वेळ आणि दिशा व्हिडिओच्या कोपऱ्यात लिहिलेली पाहिजे. टाकीच्या शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या गेल्या आहेत. छाटणीच्या आधी त्या वेल्डिंग करून घेतो, म्हणालाय.