डेक बोचरा, म्हणून डाव रडीचा?

गेल्या महिन्यात एका स्थानिक स्पर्धेत ‘मॅजिक: द गॅदरिंग’चा सामना हरल्यावर एका खेळाडूने समोरच्या शाळकरी मुलाशी हस्तांदोलन करण्याचे नाकारले. मुलाने पत्ते नीट पिसले होते, प्रत्येक चाल स्पष्ट उच्चारली होती. अपराध एवढाच की त्याचा डेक प्रतिपक्षाला काही करूच देत नव्हता. ‘असले डेक आणणे ही खिलाडूवृत्ती नव्हे,’ असे शेजारच्या टेबलावरूनही ऐकू आले. मी गप्प राहिले. हा धागा त्याची उशिराची भरपाई.

१९९३ साली गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांचा हा खेळ बाजारात आला, तेव्हा डेकमध्ये किमान ४० पत्ते असावेत एवढेच बंधन होते. एकाच पत्त्याच्या किती प्रती घालाव्यात, यावर मर्यादाच नव्हती. सामान्य माणूस फारसे पत्ते विकत घेणार नाही, हा निर्मात्यांचा होरा वर्षभरही टिकला नाही. हौशी मंडळींनी निवडक प्रबळ पत्त्यांनीच डेक भरले. मग १९९४च्या आरंभी स्पर्धांसाठी नियम आले: किमान ६० पत्ते, मूलभूत भूमी वगळता एका पत्त्याच्या फार तर चार प्रती, शिवाय मर्यादित व निषिद्ध पत्त्यांची यादी. ज्या चौकटीला आज आपण खेळाचा मूळ स्वभाव समजतो, ती अशा ‘निर्लज्ज’ डेकांमुळेच घडली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिल्वॉकी येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. विजेते अमेरिकेचे झॅक डोलन. त्यांच्या डेकमध्ये ‘स्टेसिस’ हा पत्ता होता. तो पटावर असेपर्यंत वापरून आडवे केलेले पत्ते पाळीच्या आरंभी पुन्हा उभे होत नाहीत. समोरचा हात बांधल्यासारखा बसून राहतो. चीड येते, खरेच येते. तरी विजेत्यांच्या यादीतले पहिले नाव डोलन यांचेच आहे.

१९९८-९९चा हिवाळा तर कुप्रसिद्धच. खेळाचा आरंभ म्हणजे नाणेफेक आणि शेवट म्हणजे पहिली पाळी, असा विनोद तेव्हा प्रचलित होता. ‘टोलेरियन अकॅडमी’वर बंदी आली, फेब्रुवारी १९९९मध्ये निघालेल्या ‘मेमरी जार’वर तर मार्चमध्येच तातडीने. दोष नियमकर्त्यांचा होता आणि तो त्यांनीच निस्तरला. सर्वांनी सभ्यपणे ते डेक घरी ठेवले असते, तर तो दिसला तरी असता का?

क्रिकेटप्रेमींना विनू मांकड आठवतील. डिसेंबर १९४७मध्ये सिडनीला त्यांनी बिल ब्राऊनला चेंडू टाकण्यापूर्वीच धावबाद केले. ब्रॅडमन यांनी आत्मचरित्रात मांकडांची बाजू घेतली, तरी त्या कृतीला चिकटलेले नाव मांकडांचेच राहिले. ‘अनुचित खेळा’च्या नियमातून काढून तिला ‘धावबाद’च्या नियमात बसवायला एमसीसीला २०२२ उजाडले.

घरी मित्रांच्या बैठकीत गोष्ट निराळी. तिथे सौम्य डेकांचा ठराव असताना जहाल डेक काढणे हा असभ्यपणाच. स्पर्धेत मात्र शुल्क भरणारा प्रत्येकजण जिंकायला आलेला असतो. मुद्दाम वेळकाढूपणा करणे, पत्ते खोटे पिसणे, हरल्यावर पोराला टाकून बोलणे, याला मी रडीचा डाव म्हणेन.

त्या मुलाशी नंतर बोलले. त्याच्याकडे दुसरा डेक नव्हताच; वर्षभर पैसे साठवून हा एक जमवला होता. पुढच्या रविवारी तो आला नाही.